जखमी माणसाचा कागद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा होती की मी वाघावर बोलावं. माणूस वनखात्यातून निवृत्त झाला म्हणजे त्याने आयुष्यभर वाघ पाहिले असतील, असा सगळ्यांचा समज असतो. खरं सांगायचं तर मी ३२ वर्षं नोकरी केली ती टेबलावर. लिपिक म्हणून लागलो, मुख्य लिपिक म्हणून सुटलो. वाघ मी पाहिला तो तुमच्यासारखाच, सुटीच्या दिवशी तिकीट काढून. पण वाघाने, बिबट्याने, अस्वलाने, रानडुकराने माणसाला काय केलं, त्याचे कागद माझ्या टेबलावरून गेले. तेव्हा मी वाघावर नाही, कागदांवर बोलणार आहे. मुलं कंटाळली तर त्यांनी खुशाल खेळायला जावं.

आपण चंद्रपूरकर या विषयाला नवखे नाही. राजुऱ्याकडच्या ज्या वाघाला आरटी-१ म्हणत, त्याने आठ माणसं मारली आणि तो ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला गेला. वडश्याच्या जंगलात ऑक्टोबर २०२२ मध्ये सीटी-१ पकडला, त्याच्या नावावर गडचिरोली, भंडारा आणि आपला जिल्हा मिळून तेरा बळी होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर हे आपल्या दारात आलं. वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराला मारलं आणि पाठोपाठ दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला नेलं. त्या आठवड्यात रात्रपाळीवरून येणारी माणसं घोळक्याने येत होती, हे इथल्या अनेकांना आठवत असेल. आणि १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच सकाळी वाघाच्या हल्ल्यात गेल्या.

ही सगळी मृत्यूंची यादी झाली. मृत्यू पेपरात येतो. पुढारी येतात, गाव रस्त्यावर उतरतं, धनादेशाचा फोटो निघतो. ते व्हायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जो वाचला, त्याचं काय होतं? "हल्ल्यात एक जखमी" एवढी ओळ येते आणि संपतं. तो जखमी माणूस पुढे वीस-तीस वर्षं जगतो. हात उचलत नाही, एक डोळा नाही, जबडा नीट मिटत नाही, अंगमेहनतीचं काम होत नाही. माझ्या अनुभवात मृत्यूच्या फायली लवकर सुटत आणि जखमींच्या रेंगाळत. त्यात कोणाचा दुष्टपणा होता असं नाही. मृत्यूत वाद नसतो. दुखापत किती, कशी, कायमची की तात्पुरती, हे कोणीतरी कागदावर ठरवावं लागतं. सगळी गोम तिथे आहे.

आधी पैशाचं बोलतो, कारण पहिला प्रश्न नेहमी तोच असायचा. "पैसे भेटतीन का जी?" भेटतात. ऑगस्ट २०२३ च्या शासन निर्णयाप्रमाणे वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर वारसांना २५ लाख रुपये. त्यातले १० लाख लगेच, १० लाख पाच वर्षांच्या ठेवीत आणि ५ लाख दहा वर्षांच्या ठेवीत. कायमचं अपंगत्व आलं तर ७ लाख ५० हजार. गंभीर दुखापत असेल तर ५ लाख. किरकोळ दुखापतीला औषधोपचाराचा खर्च, आणि खासगी दवाखान्यात जाणं भाग पडलं तर त्याला ५० हजारांची मर्यादा. त्याआधी, म्हणजे २०१८ च्या दराने, अपंगत्वाला ५ लाख होते आणि गंभीर दुखापतीला फक्त सव्वा लाख. हे दर सरकार मधूनमधून बदलतं, म्हणून अर्ज करताना चालू दर विचारून घ्यावा.

आता या तीन पायऱ्या नीट बघा. किरकोळ, गंभीर, कायमचं अपंगत्व. पायरी वन अधिकारी ठरवत नाही, मंत्री ठरवत नाही. डॉक्टरांच्या दाखल्यावर ती ठरते. रात्री अकरा वाजता, अपघात विभागात चार पेशंट रांगेत असताना, ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरने केसपेपरवर जे दोन शब्द लिहिले, त्यावर एका कुटुंबाचे काही लाख अवलंबून असतात. त्या डॉक्टरला हे माहीत नसतं. तो बिचारा रक्त थांबवण्यात असतो.

एक फाईल सांगतो. गाव-नाव सांगत नाही, ती बाई अजून आहे. २०१९ चा एप्रिल, मोहफुलाचे दिवस. ही पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायला गेली. मोह वेचताना माणूस खाली वाकलेला असतो, आणि अस्वलालाही मोहफूल आवडतं. अस्वल दोन पायांवर उभं राहून सरळ तोंडावर येतं. हिच्या डाव्या बाजूची कातडी कपाळापासून गालापर्यंत सोलली गेली आणि डावा डोळा गेला. सोबतच्या बायकांनी आरडाओरड केली म्हणून जीव वाचला. जवळच्या दवाखान्यात टाके घालून पुढे पाठवलं. तिथल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "चेहऱ्यावर जखम, टाके घातले." डोळ्याबद्दल अक्षर नाही. डोळा सुजून बंद होता, त्या घाईत कोणी उघडून पाहिला नसेल. पुढे मोठ्या दवाखान्यात दोन आठवडे ती होती. तिथलं डिस्चार्ज कार्ड पुतण्याने मोटारसायकलच्या डिकीत ठेवलं आणि ते पावसात गेलं.

फाईल माझ्याकडे आली तेव्हा तिच्यात पहिली चिठ्ठी होती, पंचनामा होता, आणि बाईचा फोटो होता. फोटोत सगळं दिसत होतं. पण फोटोवरून बिल पास होत नाही. साहेबांनी शेरा मारला, दुखापतीचा प्रकार स्पष्ट करावा. मी दवाखान्याला पत्र लिहिलं, बाईला पत्र लिहिलं, वनरक्षकामार्फत निरोप दिला. केसपेपरची दुसरी प्रत मिळायला चार महिने गेले. मध्येच निघालं की आधारवर तिचं नाव माहेरचं आहे आणि बँकेत सासरचं. त्यात आणखी दोन महिने. शेवटी तिला गंभीर दुखापतीचे सव्वा लाख मिळाले. डोळा कायमचा गेला होता, म्हणजे दिव्यांगत्वाचा दाखला जोडला असता तर ५ लाखांची मागणी करता आली असती. तो दाखला काढायला या म्हणून मी दोनदा कळवलं. ती आली नाही. नवरा एकदा आला होता, म्हणाला, "साहेब, एका खेपेला दोन रोजी बुडतात अन् तिकीट वेगळं. झालं तेवढं लय झालं जी." त्यावर काय बोलणार? एवढी वर्षं मी टेबलाच्या या बाजूला बसलो, पण रोजी बुडण्याचा हिशोब त्या माणसाइतका कोणी सोपा करून सांगितला नव्हता.

हे ऐकून कोणी म्हणेल, आपल्या सोसायटीचा याच्याशी काय संबंध? संबंध सांगतो. सकाळी सात ते अकरा आपल्या जिन्यावर ज्या बायका चढतात-उतरतात, त्यांतल्या निम्म्या दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी या बाजूंनी येतात. काही अंधारातच घरून निघतात. उन्हाळ्यात त्यांतल्या काही जणी महिनाभर सुटी मागतात आणि आपण कुरकुर करतो. त्या महिन्यात त्या मोहफूल वेचत असतात, तेंदूपत्ता तोडत असतात. दूधवाला, इस्त्रीवाला, रात्रीचा वॉचमन, सगळे त्याच वाटांनी येतात. आणि आपल्यातले जे मूल रोडने दुचाकीवर जातात, त्यांनी लोहाऱ्याच्या जंगलात रानडुक्कर आडवं आलेलं पाहिलं असेलच.

"जंगलात कशाला जायचं मग?" हाही प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, बहुतेक वेळा गॅसवर चहा ठेवता ठेवता विचारलेला. गौण वनोपज गोळा करणं हा गावाचा कायद्याने मानलेला हक्क आहे, २००६ च्या वनहक्क कायद्याने. गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तेव्हा मोह वेचणारी बाई चोर नाही. जखमी माणसाला पहिल्याच दिवशी "तिकडे कशाला गेली होतीस" असं विचारलं की ती जबाबात घाबरून खोटं सांगते. शेतात होते म्हणते. मग पंचनाम्यातली जागा वेगळी निघते आणि फाईल तिथेच अडकते. असं मी पाहिलं आहे. जे झालं, जिथे झालं, ते तसंच सांगायचं.

आता कामाच्या गोष्टी. माझा सगळा भर पहिल्या दोन दिवसांवर आहे, कारण घटना ४८ तासांच्या आत वनखात्याच्या जवळच्या अधिकारी-कर्मचाऱ्याला कळवायची असा नियम आहे. वनरक्षक, वनपाल, परिक्षेत्र कार्यालय, कोणीही चालेल. कोणी भेटलं नाही तर १९२६ हा खात्याचा मदत क्रमांक आहे, त्यावर फोन करून वेळ लिहून ठेवावी. पोलिसांत कळवलं म्हणजे वनखात्याला कळलं असं धरून चालू नये. रत्नागिरी जिल्ह्यात २०१९ मध्ये एका मोटारसायकलस्वाराला रानडुकराची धडक बसून मृत्यू आला. ४८ तासांत वनखात्याला कळवलं नाही म्हणून त्याच्या पत्नीचा अर्ज फेटाळला गेला. बाई उच्च न्यायालयात गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. मुदतीचं कारण पुढे करून विधवेला परत पाठवता येत नाही, असा त्याचा साधा अर्थ मी घेतो. म्हणून कोणाचे ४८ तास उलटून गेले असतील तरी अर्ज करायचाच. पण तिला तीन वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा. एक फोन स्वस्त पडतो.

घरचा माणूस मेला असताना किंवा आयसीयूत असताना कोणाला फोन सुचतो? सुचत नाही. म्हणूनच ते काम शेजाऱ्याचं आहे, मालकाचं आहे, ज्याच्या घरी ती बाई काम करते त्याचं आहे.

दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांना आधी स्पष्ट सांगायचं की जनावराचा हल्ला आहे, आणि जनावर कोणतं. हे फक्त कागदासाठी नाही. वाघ, बिबट, अस्वल, लांडगा, कोल्हा, यांच्या चाव्याला आणि ओरखड्याला रेबीजची लस लागते, जखम खोल असेल तर जखमेत देण्याचं वेगळं इंजेक्शन लागतं, धनुर्वाताचं तर लागतंच. "पडून लागलं" असं सांगितलं तर यातलं काहीच होणार नाही. शक्य तोवर सरकारी दवाखाना गाठावा, आणि खासगीत जावंच लागलं तर प्रत्येक पावती पक्की घ्यावी. मेडिकलवाल्याने पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलेली बेरीज मी ३२ वर्षांत एकदाही पास झालेली पाहिली नाही.

केसपेपरवर जनावराचं नाव, जखमांची जागा आणि संख्या, हाड मोडलं आहे का, डोळा-कान-बोटं शाबूत आहेत का, हे लिहून घेण्याची विनंती करावी. विनंतीच करावी, हुज्जत घालू नये. "डॉक्टरसाहेब, वनखात्याला द्यायचा आहे" एवढं म्हटलं की बहुतेक डॉक्टर लिहितात. मोबाईल आहेच प्रत्येकाकडे, तर प्रत्येक कागदाचा फोटो काढून दोन जणांना पाठवून ठेवावा. डिकीत काही ठेवू नये.

अर्जासोबत आधार, पासबुक, दवाखान्याचे कागद लागतात, आणि वनखात्याचा पंचनामा ते स्वतः करतात. आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव जुळतं का, हे मात्र जनावर यायची वाट न पाहता आजच बघता येईल. आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईला एकदा पासबुक आणायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. अर्ज दिला की पोच घ्यायची. आवक क्रमांक आणि तारीख नसलेला अर्ज म्हणजे दिलेला नाही असंच समजा. हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. उपचार चालू असतील तर अर्जात एक वाक्य जरूर घालावं: "उपचार अद्याप सुरू असून अपंगत्वाबाबतचा दाखला नंतर सादर करीन." जखम भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हा, जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा. त्या बाईच्या फाईलीत हे वाक्य नव्हतं. तो अर्ज गावातल्या कोणीतरी लिहून दिला होता, त्याला तरी कुठून माहीत असणार?

पहिल्या रकमेनंतर बहुतेक जण थकतात. दोष त्यांना देता येत नाही. पण एखाद्याला भांडायचं असेल तर वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना वकील मोफत मिळतो. महिलेला उत्पन्नाची अटही नाही. हे आपल्यातल्या शिकलेल्यांनाही माहीत नसतं.

जाता जाता पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचं सांगतो. वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, वय १८ ते ७०. अपघाती मृत्यूला २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय कायमचा गेला तर १ लाख. वनखात्याच्या यादीत वाघ, बिबट, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, कोल्हा, मगर, हत्ती, रानकुत्रे, रोही हे प्राणी आहेत, साप नाही. आणि आपल्या भागात धानाच्या बांधावर साप किती, ते वेगळं सांगायला नको. तेव्हा हे २० रुपये मोलकरणीच्या, वॉचमनच्या खात्यातून कापले जातात का ते बघा. नसतील तर फॉर्म भरून द्या.

माझी कार्यकारिणीला एक सूचना आहे. रौप्यमहोत्सवानिमित्त आपण गेटवर कमान उभारणार आहोत. ती जरूर उभारावी. त्यासोबत पुढच्या सर्वसाधारण सभेत एक छोटा ठराव घ्यावा. आपल्या आवारात काम करणाऱ्या कोणालाही अशी दुखापत झाली तर सोसायटीतली एक गाडी आणि एक माणूस पहिले दोन दिवस त्याच्यासोबत राहील. खर्चाची तरतूद फार लागत नाही, मी हिशोब केला आहे: पेट्रोल, झेरॉक्स आणि चहा. सी विंगमधल्या एका सभासदांनी मला आधीच विचारलं की यात कायदेशीर जबाबदारी सोसायटीवर येणार नाही ना. नाही येत. सोबत जाणं म्हणजे जामीन राहणं नव्हे.

(भाषणानंतर झालेल्या प्रश्नांपैकी दोन इथे देत आहे.)

एका भगिनींनी विचारलं की सकाळी फिरायला गेलेल्या माणसावर हल्ला झाला तर हे लागू होतं का. होतं. माणूस कामाला गेला होता की फिरायला, असा भेद दरांमध्ये नाही. फक्त अभयारण्यात विनापरवाना शिरलं, कायदा मोडला, तर प्रश्न उभे राहतात.

दुसरा प्रश्न वीज केंद्रात ठेकेदाराकडे असलेल्या एका तरुणाचा होता: कामावर असताना जनावराने जखमी केलं तर ठेकेदाराकडून काही मिळतं का? कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे. काम करता करता, कामामुळे झालेल्या अपघाताला तो लागू होतो. जनावराचा हल्ला त्यात बसतो का, हे त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरेल. म्हणून हजेरीपटावर त्या दिवशीची सही आहे का, तेवढं आधी बघून ठेव आणि विधी सेवा प्राधिकरणात विचार. वनखात्याचा अर्ज मात्र त्यासाठी थांबवू नकोस.

नमुना अर्जाच्या दहा प्रती मी टाईप करून सचिवांकडे दिल्या आहेत, त्यांनी त्या वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला लावल्या आहेत. त्यात अर्जदाराच्या नंबराखाली दुसऱ्या एका मोबाईल नंबरासाठी जागा सोडली आहे. तिथे जखमी माणसाचा किंवा त्याच्या घरच्यांचा नंबर लिहू नये, सोसायटीतल्या कोणाचा तरी लिहावा. त्रुटी निघाली की कार्यालयातून फोन येतो, आणि तो सकाळी अकरा ते पाचच्या मध्ये येतो. त्या वेळी ती माणसं रोजीवर असतात.